मोटारगाडीच्या आसनांची शिवण

मोटारगाडीच्या आसनावर चढवावयाच्या चामड्याच्या, रेक्झिनच्या अथवा कापडाच्या खोळीचे तुकडे परस्परांस जोडण्याची विद्या. खोळ फोमवर ताणून बसवावयाची असल्याने बसणाऱ्याचा भार अखेर सांध्यांवरच येतो. शिवाय चामड्यास वा रेक्झिनला सुईने पाडलेले छिद्र कायमचे राहत असल्यामुळे, चुकलेली टीप उसवून पुन्हा घालण्याची जी मुभा कपडे शिवणाऱ्यास असते, ती येथे जवळजवळ नसते.

म्हणून शिकाऊ हाताने आरंभ धाग्यावाचून करावा हेच इष्ट: कागदावर आखलेल्या सरळ व वक्र रेषांवरून नुसती सुई चालवून कागद उजेडापुढे धरला, की छिद्रांची रांग कोठे ढळली ते तत्काळ दिसते. यंत्र 'वॉकिंग फूट'चे असावे. साध्या यंत्रात केवळ खालचे दाते कापड पुढे नेतात, त्यामुळे फोम लावलेला वरचा थर मागे रेंगाळतो आणि सांध्याची टोके जुळत नाहीत. वॉकिंग फूटच्या यंत्रात वरचा पायही थरांबरोबर पुढे सरकतो. चामड्यास धारदार टोकाची व कापडास गोल टोकाची सुई लागते. धागा बाँडेड नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असतो. उन्हात पॉलिएस्टर अधिक टिकते. टाका सामान्यतः 4 ते 5 मिलिमीटरचा ठेवतात, कारण फार बारीक टाक्यांनी चामडे छिद्रांच्या रेषेवरच फाटते. वरचा धागा व बॉबिनचा धागा यांची गुंफण थरांच्या मधोमध दडली पाहिजे. ती खालच्या अंगास दिसू लागली, तर वरचा ताण कमी पडला असे समजावे.

खरी परीक्षा वळणावर होते. आसनाच्या उंचावलेल्या कडेशी एका तुकड्याची बाहेर फुगलेली किनार दुसऱ्याच्या आत वळलेल्या किनारीशी जोडावयाची असते. तेथे दोन्ही तुकड्यांवरील खुणेच्या खाचा आधी जुळवून, आतल्या वळणाच्या मायेला टिपेपर्यंत न पोहोचणारे चिरे देऊन, थांबत थांबत शिवावे लागते; माया सुमारे 12 मिलिमीटर धरली असेल, तर ती वळणभर तेवढीच राहिली पाहिजे, नाहीतर खोळ चढविल्यावर तेथे चुणी पडते आणि ती कितीही ओढली तरी जात नाही. टाचण्यांनी छिद्रे पडतात म्हणून थर चिमट्यांनी धरतात.

साधी शिवण, तिच्या एका अंगास घातलेली वरची टीप, माया उलगडून व खाली पट्टी लावून दोन्ही अंगांस घातलेली दुहेरी टीप, आणि मध्ये दोरी असलेला गोट, हे मुख्य प्रकार होत. दुहेरी टीप सर्वांत शोभिवंत, पण दोन समांतर रेषांतील किंचित वाकडेपणाही ती लपवीत नाही. साधी शिवण पक्की बसल्याखेरीज शिकणाऱ्याने दुहेरी टिपेच्या वाटेस जाऊ नये.

ज्या आसनाच्या कुशीत एअरबॅग बसविलेली असते, तेथील शिवण आघाताच्या क्षणी ठरावीक जागी फाटावी अशीच योजलेली असते. तेथे निर्मात्याने नेमून दिलेला धागा व टाका सोडून मजबूत धाग्याची टीप घातली, तर पिशवी वेळेवर उघडण्यास अडथळा येऊन जीवितास धोका संभवतो.