लेहच्या वाळूवर उतरलेलं पहिलं विमान

मे-जून आला की आपल्याकडच्या मंडळींचे लेह-लडाखचे फोटो सुरू होतात. विमानतळावर उतरल्यावर पहिला सल्ला मिळतो, एक दिवस झोपून राहा, हवा विरळ आहे. याच लेहमध्ये २४ मे १९४८ रोजी पहिलं विमान उतरलं, तेव्हा तिथे विमानतळ नव्हता. सिंधू नदीकाठी वाळूत कशीबशी तयार केलेली पट्टी होती. ते विमान उतरवणारा माणूस आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? त्याचं नाव एअर कमोडोर मेहर सिंग. त्याची माणसं त्याला 'मेहर बाबा' म्हणायची. वय तेव्हा फक्त ३३.

जन्म १९१५ चा, लायलपूरचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातला. इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला वैमानिकाचं शिक्षण झालं. सुरुवातीची नोकरी वझिरीस्तानच्या डोंगरांत. तिथे एकदा टोळीवाल्यांच्या गोळ्या लागून विमान पडलं. हा आणि त्याचा गनर गुलाम अली, दोघे लपतछपत, अंधारात पायी चालत आपल्या ठाण्यावर परतले. एक शीख, एक मुसलमान. पुढे देशाचे दोन तुकडे व्हायचे होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो सहाव्या स्क्वाड्रनचा प्रमुख होता. हरिकेन ही लढाऊ विमानं, पण काम टेहळणीचं. झाडांच्या शेंड्यांना लागून उडायचं, जपानी ठाण्यांचे फोटो काढून आणायचे. या स्क्वाड्रनला चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणायचे. १९४४ मध्ये त्याला डीएसओ हा सन्मान मिळाला. भारतीय हवाई दलात तो मिळालेला हा एकमेव अधिकारी.

पण खरी कसोटी पुढे होती. १९४७ च्या अखेरीस काश्मीरमधल्या हवाई मोहिमेची सूत्रं त्याच्याकडे आली. पूंछ शहराला वेढा पडलेला. आत ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची फौज आणि चाळीस हजारांच्या आसपास निर्वासित. रस्ता बंद, धान्य संपत आलेलं. निर्वासितांनी आणि जवानांनी हातांनी धावपट्टी तयार केली. चारी बाजूंनी डोंगर, त्यावर शत्रू. तिथे मेहर सिंगने स्वतः डाकोटा उतरवलं आणि मग इतरांना सांगितलं, चला. ठरल्यापेक्षा जास्त वजन भरून विमानं जाऊ लागली. जाताना धान्य आणि दारूगोळा, येताना जखमी आणि निर्वासित. दिवसा तोफांचा मारा सुरू झाला तेव्हा रात्री कंदिलांच्या उजेडात विमानं उतरवून आपल्या तोफा आत नेल्या. बॉम्बफेकी विमानं हाताशी नव्हती, तर डाकोटाच्या दारातून बॉम्ब ढकलून टाकले. वर्षभराच्या आसपास पूंछ असं तगून राहिलं. नोव्हेंबर १९४८ मध्ये वेढा फुटला.

दरम्यान लेह जाण्याची वेळ आली होती. बर्फातून झोजिला ओलांडून मेजर पृथी चंद यांची चाळीसेक जणांची तुकडी तिथे पोचली होती, बाकी फौज नाहीच. कारगिल शत्रूच्या हातात गेलं. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने स्थानिक लोकांना घेऊन साडेअकरा हजार फुटांवर पट्टी तयार केली होती. पण तिथवर विमान नेणार कोण? डाकोटात प्राणवायूची सोय नाही, धड नकाशे नाहीत, वाट तेवीस हजार फुटांवरून. मेजर जनरल थिमय्या यांना विमान पाठवायचं होतं. मेहर सिंग म्हणाला, मीच नेतो. आणि थिमय्या स्वतः त्याच्या विमानात बसले. प्रमुख माणसं आधी धोक्यात, जवान नंतर. हा क्रम मला आजच्या काळात फार महत्त्वाचा वाटतो. काही दिवसांतच गुरखा जवान विमानाने लेहमध्ये उतरले आणि लेह वाचलं.

त्याला महावीर चक्र मिळालं. हवाई दलातलं हे पहिलं. आणि त्याच १९४८ मध्ये वरिष्ठांशी मतभेद होऊन त्याने राजीनामा दिला. नियमांवर चालणाऱ्या संस्थेला नियम वाकवणारा माणूस अडचणीचा वाटतो, हे समजू शकतं. शिस्तीशिवाय सैन्य चालत नाही. पण वेढ्याच्या वर्षात ज्याच्या हट्टावर आपण तगलो, त्याला वर्ष संपण्याआधीच बाहेर पडावं लागावं, हे मात्र मनाला लागतं. पुढे तो पतियाळाच्या महाराजांकडे गेला. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीला येताना वादळात विमान कोसळलं आणि तो गेला. ३७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

लढाऊ वैमानिक म्हटलं की आपण विचारतो, किती विमानं पाडली? सिनेमाही तेच दाखवतो. मेहर बाबाचा हिशोब वेगळा आहे. किती पोती धान्य पोचलं, किती माणसं जिवंत बाहेर आली, कोणतं शहर नकाशावर आपल्याकडे राहिलं.

हवाई दलाने काही वर्षांपूर्वी ड्रोनच्या एका स्पर्धेला त्याचं नाव दिलं, चांगलं केलं. पण आपल्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात लेह येतं, पूंछ येतं, मेहर सिंग आणि सोनम नोर्बू येत नाहीत. या सुट्टीत लेहला उतरलात तर खिडकीतून खाली सिंधूकडे एकदा बघा. आणि शेजारी बसलेल्या पोराला ही गोष्ट सांगा. बाकी आपल्या हातात काय आहे?