रेल्वे फाटकावरील रेडिओ इशारा

रेल्वेगाडी जवळ येत असल्याची सूचना रेडिओलहरींद्वारे रस्त्यावरच्या वाहनचालकाला देण्याची व्यवस्था. तिचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात इंजिनातला संच फाटकाजवळच्या संचाला संदेश देतो आणि फाटकावर भोंगा वाजू लागतो, दिवे लुकलुकतात. दुसऱ्यात संदेश थेट मोटारीत बसवलेल्या रिसीव्हरमध्ये उतरतो. पहिला प्रकार भारतात वापरून झाला आहे. दुसरा इथे रुजलेला नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध आला तो कोकण रेल्वेमुळे. ऑगस्ट १९९९ मध्ये पश्चिम बंगालमधील गैसाळ येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. त्यानंतर कोकण रेल्वे महामंडळाने व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या पुढाकाराने टक्करविरोधी उपकरण विकसित केले. ‘रक्षाकवच’ या नावाने ते ओळखले गेले. इंजिन, गार्डचा डबा, स्थानक आणि फाटक या सगळ्या ठिकाणी त्याचे संच बसत. प्रत्येक संच उपग्रहाकडून आपली जागा समजून घेई आणि सुमारे ३ किलोमीटरच्या टापूतल्या इतर संचांशी रेडिओवरून बोले. गाडी टप्प्यात आली की फाटकावरचा संच वाहनचालकांसाठी भोंगा आणि दिवे सुरू करी, आणि फाटक उघडे असल्याचे कळले तर इंजिनातला संच गाडीचा वेग उतरवी. बहुतेकांच्या आठवणीत हे उपकरण टक्कर टाळण्यासाठीच राहिले. फाटकाचे हे अंग फारसे चर्चेत आले नाही. ईशान्य सीमांत रेल्वेवर त्याचा मोठा प्रयोग झाला, पण शेजारशेजारच्या रुळांपैकी गाडी नेमक्या कोणत्या रुळावर आहे, हे केवळ उपग्रहाच्या आधाराने खात्रीने ओळखणे अवघड गेले. एकेरी मार्गावर हा प्रश्न तितकासा टोचत नाही; दुहेरी मार्गावर आणि स्थानकाच्या यार्डात तो कळीचा ठरतो. पुढे रेल्वेने वेगळी वाट धरली.

ती वाट म्हणजे ‘कवच’. लखनौच्या संशोधन संस्थेने (आरडीएसओ) आखलेल्या या प्रणालीत रुळांमध्ये बसवलेले आरएफआयडी टॅग वाचून इंजिनाला आपला रूळ कळतो, आणि स्थानकाशी त्याचे संभाषण यूएचएफ रेडिओवर चालते. जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली. दक्षिण मध्य रेल्वेच्या पहिल्या १,४६५ किलोमीटरमध्ये मनमाड–मुदखेड आणि परळी वैजनाथ–परभणी हे मराठवाड्यातून जाणारे टप्पेही आले. फाटक जवळ आले की कवच इंजिनाची शिट्टी आपोआप वाजवते. म्हणजे रेडिओ बोलतो इंजिनाशी, आणि वाहनचालकाच्या कानी पडते ती जुनीच शिट्टी. रुळालगतच्या ‘सी/फा’ पाटीजवळ जे काम लोको पायलट हाताने करीत आला, तेच यंत्राकडे गेले आहे.

परदेशात दुसरा प्रकारही आजमावला गेला. अमेरिकेत १९९० च्या दशकात कोब्रा कंपनीने वेगतपासणीचे रडार हुडकणाऱ्या मोटारीतल्या उपकरणांतच ‘गाडी येत आहे’ असा इशारा समजण्याची सोय केली. मिनेसोटा राज्यात शाळेच्या बसमध्ये रिसीव्हर बसवून पाहिले गेले, तर ऑस्ट्रेलियात ला ट्रोब विद्यापीठाने मोटार आणि गाडी यांच्यातल्या थेट रेडिओसंपर्कावर काम केले. या प्रकाराचे दुखणे एकच: रिसीव्हर नसलेल्या वाहनाला इशारा मिळतच नाही. दुचाकी, ट्रॅक्टर, काळीपिवळी जीप आणि बैलगाडी एकाच फाटकावर खोळंबतात, तिथे निम्म्यांना ऐकू येणारा इशारा हा इशारा म्हणावा का, हा प्रश्नच आहे.

पहिल्या प्रकारची व्यवस्था घाटपायथ्याला कशी वागेल, हे उंबरमाळीवरून समजून घेता येते. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यानचे हे शहापूर तालुक्यातील (जि. ठाणे) छोटे स्थानक. रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. घाटाचा चढ ३७ ला १ असल्यामुळे वर जाणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यात जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावतात. त्यामुळे उंबरमाळीवरून जाणाऱ्या गाड्यांचे वेग एकसारखे नसतात. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी ३ किलोमीटर अंतर १०८ सेकंदांत कापते. ताशी ३० ने रेंगाळणाऱ्या मालगाडीला पूर्ण ६ मिनिटे लागतात. लोकल तर टप्प्यात शिरून फलाटावर थांबलेली असते आणि भोंगा मात्र चालूच. दोनचार वेळा असे झाले की माणसे भोंग्याला जुमानेनाशी होतात. म्हणून इशारा अंतरावरून नव्हे तर गाडी पोचायला उरलेल्या वेळेवरून द्यावा लागतो, आणि त्यासाठी संदेशात जागेबरोबर वेगही यावा लागतो. दुहेरी मार्गावर एक गाडी गेल्यावर लगेच समोरून दुसरी येऊ शकते. तेव्हा भोंगा मध्येच थांबता कामा नये. पावसाळ्यात कसाऱ्याच्या बाजूला धुके उतरते आणि नजर चालत नाही, तेव्हा रेडिओचा खरा उपयोग. पण डोंगराच्या सोंडा, कातळातली कटिंगे आणि वळणे या लहरींनाही अडवतात. अशा ठिकाणी मध्ये रिपीटर उभारणे भाग पडते.

सर्वांत नाजूक बाब बिघाडाची. सिग्नल बिघडला तर तो लाल होतो, हा रेल्वेचा मूळ नियम. फाटकावरचा भोंगा बिघडला तर तो गप्प राहतो, आणि गप्प भोंग्याचा अर्थ वाहनचालक ‘गाडी नाही’ असाच घेतो. त्यामुळे ‘सर्व ठीक’ हा संदेश सतत येत राहावा आणि तो तुटताच धोक्याचा दिवा लागावा, अशी उलटी रचना करावी लागते. स्वस्तातली उपकरणे नेमकी इथेच कमी पडतात.

कायद्याने मात्र यंत्रावर कधीच भिस्त ठेवलेली नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १३१ प्रमाणे पहारा नसलेल्या फाटकावर चालकाने गाडी थांबवायची, क्लीनरने किंवा वाहकाने रुळापर्यंत चालत जाऊन दोन्हीकडे पाहायचे आणि मग वाहन पार करून द्यायचे. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचे. ब्रॉडगेजवरची अशी विनापहारा फाटके जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकली गेली. पहाऱ्याच्या फाटकांवर गेटमन, टेलिफोन आणि इंटरलॉकिंग हीच मुख्य भिस्त आहे: इंटरलॉकिंग असेल तिथे फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. त्यांचीही जागा आता उड्डाणपूल आणि भुयारी रस्ते घेत आहेत. शेजारच्या मुरबाड तालुक्यासाठी मंजूर झालेला कल्याण–मुरबाड मार्ग याच काळातला आहे, आणि नव्या मार्गांवर रस्ता रुळांच्या वरून किंवा खालून नेण्याकडेच रेल्वेचा कल आहे.