कर्णनाद
बाह्य ध्वनी नसतानाही कानात किंवा डोक्यात ऐकू येणारा आवाज. तो शिटी, गुणगुण, घंटानाद वा वाऱ्याचे घोंघावणे यांसारखा भासतो. कर्णनाद हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. वार्धक्य वा प्रचंड आवाज यांमुळे आलेला श्रवणदोष, कानातील मळ, काही औषधे इ. कारणांनी तो उद्भवतो. त्यावरील उपचारांचा इतिहास हा प्रामुख्याने आवाज नाहीसा करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील २८ कर्णरोगांत कर्णनादाचा समावेश असून तो वातप्रकोपजन्य मानलेला आहे. स्नेहन, स्वेदन व कानात औषधी तेल घालणे (कर्णपूरण) हे त्यावरील उपचार होत.

जर्मन संगीतरचनाकार लूटव्हिख व्हान बेथोव्हन (१७७०–१८२७) यांना तिशीच्या आतच हा विकार जडला. आपले कान रात्रंदिवस गुणगुणतात आणि बहिरेपण सांगता येत नसल्याने सुमारे दोन वर्षे आपण लोकांत मिसळणे टाळले आहे, असे त्यांनी १८०१ मध्ये व्हेगेलर या वैद्य मित्राला कळविले. बदाम तेल, थंड पाण्याची स्नाने, डॅन्यूबच्या कोमट पाण्यातील स्नाने व दंडांवर फोड आणणारी झाडाची साल असे उपाय त्यांनी केले. आवाज काहीसा मंदावला पण श्रवण सुधारले नाही.

फ्रेंच वैद्य झां मार्क गास्पार ईतार (१७७४–१८३८) यांनी १८२१ मधील ग्रंथात वेगळा मार्ग सुचविला. चुलाण्यातील जाळाचा किंवा तांब्याच्या भांड्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज कर्णनादाला झाकून टाकतो व रुग्णाला झोप लागते, असे त्यांना आढळले. याच तत्त्वावर १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत जॅक व्हर्नन यांनी कानात वापरावयाचे ध्वनिआच्छादक यंत्र प्रचारात आणले.

विसाव्या शतकात काही रुग्णांची श्रवण तंत्रिका छेदूनही आवाज थांबला नाही. त्यावरून त्याचे मूळ केवळ कानात नसून मेंदूच्या कार्यातही असावे, हे स्पष्ट झाले. हेलर व बर्गमन यांनी १९५३ मध्ये ध्वनिरोधक खोलीत बसविलेल्या ८० निरोगी व्यक्तींपैकी बहुतेकांना काही ना काही आवाज ऐकू आले. म्हणजे त्रास केवळ आवाजामुळे नव्हे, तर त्यावर खिळलेले लक्ष व भीती यांमुळेही वाढतो. पाव्हेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेली तंत्रिकाक्रियावैज्ञानिक उपपत्ती याच विचारावर आधारलेली आहे.

बहुतेक प्रकारच्या दीर्घकालीन कर्णनादावर निश्चित औषध उपलब्ध नाही. श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्राचा उपयोग होतो. बोधनिक वर्तनोपचाराने आवाजाची तीव्रता घटतेच असे नाही, तथापि त्याचा जाच कमी होतो व रुग्णाला लोकांत मिसळणे सुकर होते.