घरच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी स्वस्त एसएसडी कशी निवडावी?

निकाल लागला की कामतघरमध्ये अकरावीचे ऑनलाइन अर्ज आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मची धावपळ सुरू होते. पालकांचा एक सवाल ठरलेलाच असतो: "सर, कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. नवा घ्यावा का?" बहुतेक वेळा माझे उत्तर असते, थांबा. आधी आतली हार्डडिस्क बदलून बघा.

हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर एक काटा माहिती शोधत इकडून तिकडे सरकतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, सगळे काम चिपवर चालते. म्हणून जुने यंत्रही चटकन सुरू होते.

आधी दुखणे ओळखा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर एसएसडीने फरक पडेल. मेमरीच भरलेली असेल तर आधी रॅम वाढवा. २ जीबी रॅमवर एसएसडी लावून फारसे हाती लागणार नाही.

कोणती बसेल?

बाजारात घरगुती वापराचे मुख्य प्रकार तीन. अडीच इंची साटा, एम.२ साटा आणि एम.२ एनव्हीएमई. शेवटचे दोन दिसायला सारखेच, पण एकाच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. आपल्या मदरबोर्डचे किंवा लॅपटॉपचे मॉडेल कंपनीच्या वेबसाइटवर तपासा, मगच पैसे द्या.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच डेस्कटॉपवर एम.२ची जागाच नसते. तिथे अडीच इंची साटा हाच सरळ मार्ग. ती सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते. एनव्हीएमईच्या डब्यावर ३५०० किंवा ७००० असे आकडे दिसतात, पण फॉर्म भरणे, टायपिंग, व्हिडिओ पाहणे यात तो फरक जाणवत नाही. त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

डब्यावर काय वाचावे?

साइज: फक्त अभ्यास आणि ऑफिसच्या कामाला २४०-२५६ जीबी पुरते. फोटो-व्हिडिओ असतील तर ४८०-५१२ जीबी घ्या. दोन्हींची किंमत जीबीने भागून बघा, मोठी बऱ्याचदा परवडते. थोडी जागा नेहमी रिकामी ठेवा, गच्च भरली की ती मंदावते.

टीबीडब्ल्यू: एकूण किती टेराबाइट लिहिता येईल, याचा हा आकडा. किंग्स्टनच्या ए४०० या साध्या ड्राइव्हच्या ४८० जीबी मॉडेलला तो १६० आहे. रोज २० जीबी लिहिले तरी हिशेब एकवीस वर्षांच्या पुढे जातो. म्हणजे घरच्या वापराने एसएसडी झिजेल, ही भीती नको.

चिप: टीएलसी आणि क्यूएलसीच्या किमतीत फारसा फरक नसेल तर टीएलसी घ्या.

वॉरंटी: किमान तीन वर्षे. सॅमसंगच्या ८७० इव्होसारख्या काही ड्राइव्हना पाच वर्षे मिळतात.

पक्के बिल घ्याच

चार वर्षांपूर्वी मी स्वतः चूक केली. नाव न ऐकलेली, सगळ्यात स्वस्त एसएसडी बिलाशिवाय आणली. सातव्या महिन्यात एका सकाळी कॉम्प्युटरला ती दिसेनाच. हार्डडिस्क पुष्कळदा आधी कुरकुरते, ही काही न बोलता गेली. इनपेजमधल्या उर्दू प्रश्नपत्रिका पुन्हा टाइप केल्या. अब्बांच्या शेवटच्या ईदचे फोटो मात्र परत आले नाहीत.

म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आणा, कल्याणहून आणा किंवा ऑनलाइन मागवा, बिलावर सिरियल नंबर हवा. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण ते पाहा. कवडीमोलात २ टीबी देणारा बहुधा खोटा आकडा दाखवत असतो.

बसवताना

डब्यात साटा केबल बहुतेक नसते, वेगळी घ्या. डेस्कटॉपमधला डीव्हीडी ड्राइव्ह पडून असेल तर त्याची केबलही चालते. विंडोज एसएसडीवर टाका आणि जुनी हार्डडिस्क धड असेल तर फोटो व फायलींच्या दुसऱ्या प्रतीसाठी आतच राहू द्या. तिसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर असावी. लाइट अचानक गेली तर चालू काम आणि फायली दोन्ही बिघडू शकतात, तेव्हा छोटा यूपीएस असलेला बरा.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि एसएसडी लावल्याने जुना प्रोसेसर विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही.

तरीही मुलांच्या अभ्यासासाठी हा खर्च नव्या कॉम्प्युटरपेक्षा खूपच कमी आहे. फक्त जुनी डिस्क काढण्याआधी फोटोंची प्रत करा. दुकानात त्यानंतर जा.