फैजपूरची आठवण

सणासुदीला आमची वडीलधारी मंडळी एकत्र जमली, की एक वाक्य हमखास कानी पडते : "देश रसातळाला गेला, पूर्वी असे नव्हते." आम्हीही माना डोलावतो. पण पूर्वी नेमके कसे होते?

डिसेंबर १९३६ मध्ये आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अध्यक्ष पंडित नेहरू. बांबूंनी सजलेल्या नगरीची कल्पना नंदलाल बोस यांची. त्यासाठी झटणाऱ्यांत अमळनेरचे साने गुरुजी होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने उतरवून घेणारेही तेच. त्यागाचा तो काळ खराच होता.

मात्र त्याच काळी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते. ते उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, गुरुजींना उपोषण करावे लागले. ज्या काळासाठी आम्ही उसासे टाकतो, त्या काळावर ते स्वतः संतुष्ट नव्हते.

हळहळायचेच असेल, तर ती तळमळ आमच्यात उरली नाही याबद्दल हळहळावे. आणि आपल्याच गावात आज कोणते दार बंद आहे, ते पाहावे.