मूठभर जोंधळे

आजीच्या जात्याशेजारी एक गाडगं असायचं. दळण सुरू करण्याआधी मूठभर जोंधळे त्यात पडत. ते बोर्डिंगच्या पोरांचे. घरच्यांनी हात लावायचा नाही.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, रांधणंही त्यांचंच. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. ही गोष्ट सभांमधून डोळे पुसत सांगतात. एका बाईच्या गळ्यापर्यंत पाळी आली, तेव्हा सरकार कुठं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

१९४८ मध्ये, गांधीहत्येनंतरच्या एका भाषणाचं निमित्त होऊन सरकारनं संस्थेचं अनुदानच थांबवलं. गाडग्यातल्या जोंधळ्यांवर पोरं जेवतील हो, पण मास्तरांचे पगार? गाडगेबाबांनी सरकारदरबारी शब्द टाकला, तेव्हा कुठे अनुदान पुन्हा सुरू झालं.

पुढे 'विनाअनुदानित' शाळा आल्या. मी निवृत्त मास्तर. माझ्यामागून आलेली कितीतरी पोरं तिथं वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत राहिली. त्याला सेवा म्हणणारे आहेत. ती पोरं आझाद मैदानात अनुदान मागत बसली होती.