श्वसनयंत्र आणि माणसांचे हात

कामगार संघटनेचे काम करणाऱ्याने वैद्यकाच्या इतिहासात लुडबूड का करावी, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. आमचे उत्तर इतकेच की, आज ज्याविषयी बोलायचे तो इतिहास वैद्यकाचा जितका आहे, तितकाच तो पाळ्यांचा, हजेरीपटाचा आणि कामावरच्या माणसांच्या संख्येचा आहे. २०२० च्या साथीपासून ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द घरोघरी गेला. परंतु या यंत्रावर ठेवलेल्या रोग्याला तेथेच एक नवा न्यूमोनिया जडू शकतो, ही गोष्ट तितकी परिचित नाही. नळी घातल्यावर अठ्ठेचाळीस तास उलटून गेल्यानंतर उद्भवणारा न्यूमोनिया हा मूळ दुखण्याचा भाग न धरता वेगळा रोग धरतात.

या कथेचा आरंभ यंत्रापासून होत नाही, हातांपासून होतो. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ उसळली. तेथील ब्लेगडाम रुग्णालयात साधने होती ती अशी: रोग्याला गळ्यापर्यंत आत ठेवण्याची लोखंडी पेटी एक, आणि छातीवर बसवायची यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास बंद पडत चाललेल्या ३१ रोग्यांना त्यांवर ठेवले. त्यांपैकी २७ दगावले. तेव्हा प्रमुख वैद्य लासेन यांनी भूल देणारे डॉक्टर ब्यॉर्न इब्सेन यांना पाचारण केले. इब्सेन यांनी २७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुफ्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. मग प्रश्न आला तो पिशव्या दाबणार कोण याचा! एकेका वेळी सत्तर रोगी, आणि प्रत्येकाला रात्रंदिवस श्वास हवा. वैद्यकीचे व दंतवैद्यकीचे मिळून सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी खाटेशी बसले आणि त्यांनी सुमारे १ लाख ६५ हजार तास पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली उतरले.

एका रोग्यामागे एक माणूस, आणि त्याचे सारे लक्ष त्या रोग्यावर. घशात कफ घरघरू लागला की त्याला ते प्रथम कळणार. कारण पिशवी हाताला जड लागते. आमच्या मते ही त्या व्यवस्थेची खरी दौलत होती.

डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी त्याच शहरातील नगररुग्णालयात गंभीर रोग्यांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. अतिदक्षता विभागांत तो पहिला मानला जातो. हातांची जागा यथावकाश यंत्रांनी घेतली. यात वाईट काही नाही. कोणाचेही हात जन्मभर पिशवी दाबू शकत नाहीत. परंतु यंत्र आले की एका माणसाकडे किती यंत्रे द्यावयाची, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकराकडे दोनाऐवजी तीन माग देण्यावरून १९२८ च्या संपात केवढे रण माजले होते, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको.

प्रथम दोष सापडला तो यंत्रात. अमेरिकेतील डॅलस येथे सॅनफर्ड, पिअर्स आदी संशोधकांनी १९६५ साली दाखवून दिले की, हवा ओलसर करण्यासाठी तुषार उडविणारी जी भांडी श्वसनोपचाराच्या यंत्रांना जोडलेली असतात, त्यांतल्या पाण्यात जंतू वाढतात आणि तुषारांबरोबर थेट फुफ्फुसांत जातात. उपायही साधा निघाला: सौम्य ॲसिटिक आम्लाने भांडी निर्जंतुक करणे. व्हिनेगारात असते तेच हे आम्ल. पण यंत्र स्वच्छ झाले तरी रोग गेला नाही. १९६९ मध्ये त्याच गटाने घशाकडे बोट दाखविले. माणूस जितका अधिक आजारी, तितके त्याच्या घशात रुग्णालयी जंतूंचे ठाण अधिक. नळीभोवती हवेचा फुगा असतो खरा. तथापि त्याच्या कडेने लाळ थेंबाथेंबाने खाली झिरपते. खोकून ती बाहेर टाकावी, तर रोग्याला गुंगी दिलेली. स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला ही या जंतूंची नावे. त्यांपैकी कित्येक आता नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

म्हणजे यंत्रानंतर पुन्हा माणसांचेच काम आले: तोंड स्वच्छ ठेवणे, कफ ओढून काढणे, गुंगी रोज तपासून कमी करणे, उशाकडची बाजू उंच ठेवणे. या शेवटच्या गोष्टीची कसोटी बार्सेलोना येथे लागली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ८६ रोगी होते. उताणे निजविलेल्यांपैकी शेकडा ३४ जणांत न्यूमोनियाची लक्षणे दिसली, तर ४५ अंशांत टेकून ठेवलेल्यांत शेकडा ८. दिडकीचा खर्च नाही! परंतु निश्चेष्ट माणूस खाटेवरून खाली घसरतो. त्याला पुन्हा वर सरकवावयास दोन माणसे लागतात. पुढे २००६ साली नेदरलँड्समधील प्रयोगात आढळले की, ठरविलेली ४५ अंशांची उंची बहुतेक वेळ टिकतच नाही. आणि तेथे न्यूमोनियाही घटला नाही.

हात धुण्याचेही तेच. जिनिव्हाच्या रुग्णालयात पिटे यांनी केलेल्या पाहणीत (१९९९) दिसले की, हात धुवावयास हवेत अशा प्रसंगांपैकी निम्म्यापेक्षा किंचित कमी वेळाच ते धुतले जातात, आणि कामाची गर्दी जितकी अधिक तितके ते कमी. आळस हे कारण येथे पुरत नाही. त्याच शहरात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिकांचे प्रमाण जेथे अधिक, तेथे उशिरा होणारा हा न्यूमोनिया कमी आढळला. आपल्याकडे नवा अतिदक्षता विभाग उघडतो तेव्हा फलकावर यंत्रांचा आकडा असतो. रात्रपाळीला परिचारिका किती, हा आकडा आम्ही तरी फलकावर पाहिलेला नाही.

आता मोजणीविषयी. आमच्या माहितीच्या एका कारखान्यात अपघात शून्य ठेवल्यास बक्षीस होते. तेथे बोट चेचलेला माणूस घरी न पाठविता कचेरीत बाकावर बसवीत आणि हजर मांडीत. या न्यूमोनियाची खूण ताप, कफ आणि क्ष-किरण चित्रातली सावली, आणि सावलीवर दोन डॉक्टरांचे एकमत होईलच असे नाही. अमेरिकेत हा रोग टाळण्याची मोठी मोहीम झाली, रुग्णालयांची तुलना त्याच्या आकड्यावरून होऊ लागली, आणि रुग्णालयांनी कळविलेले आकडे झपाट्याने उतरू लागले. काही ठिकाणी शून्यही झाले. २०१३ पासून तेथील रोगनियंत्रण केंद्राने मोजणीची व्याख्याच बदलली. नंतर २०१६ साली काही संशोधकांनी सरकारी विमायोजनेतील रोग्यांचे मूळ कागद स्वतंत्रपणे तपासले. २००५ ते २०१३ या साऱ्या काळात, श्वसनयंत्रावरच्या दर शंभरांतील सुमारे दहा जणांना हा न्यूमोनिया होतच होता.